कचऱ्यापासून ऊर्जा : या संशोधनात यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सूक्ष्मजीवशास्त्राची. बरीच वर्षं ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस करण्याच्या कामात आहे. वर्षातून दोनदा माझ्याकडे पत्रांचा पूर येतो: बारावीचा निकाल लागला की एकदा, आणि एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या उद्घाटनाचा फोटो पेपरात झळकला की दुसऱ्यांदा. तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. पत्र पाठवण्याआधी एकदा वाचा.

१. मॅडम, कचऱ्यापासून ऊर्जा करणारा शास्त्रज्ञ नेमकं काय करतो?

कचऱ्यातली ऊर्जा बाहेर काढायचे ढोबळ मार्ग तीन. पहिला पचवण्याचा: हवाबंद टाकीत सूक्ष्मजीव कचरा खातात आणि मिथेन हा जळणारा वायू असलेला बायोगॅस सोडतात. दुसरा आंबवण्याचा: पेंढा, चिपाड यांतली साखर मोकळी करून त्याचं इथेनॉल करतात. तिसरा उष्णतेचा: जाळणं, गॅसिफिकेशन (अपुऱ्या हवेत तापवून जळणारा वायू करणं), पायरोलिसिस (हवेशिवाय तापवणं). तिन्हींत माणसं वेगळी, शिक्षण वेगळं, भांडणंही वेगळी. मी पहिल्या मार्गावरची, त्यामुळे खालच्या उत्तरांत बायोगॅसचं पारडं जड आहे.

शास्त्रज्ञाचं काम म्हणजे कचऱ्यात किती दम आहे ते मोजायचं, सूक्ष्मजीवांना तो मानवतो का ते पाहायचं आणि प्रयोगशाळेतल्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत जे जमलं ते पन्नास हजार लिटरच्या टाकीत का जमत नाही, याचं कारण शोधायचं. निम्मी कारकीर्द या शेवटच्या कामात जाते.

२. बारावीनंतर कोणती शाखा घेऊ?

‘कचऱ्यापासून ऊर्जा’ या नावाच्या पदवीमागे धावू नका. मूळ विषय पक्का करा. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, रसायनशास्त्र, केमिकल, मेकॅनिकल, पर्यावरण अभियांत्रिकी किंवा कृषी अभियांत्रिकी यांपैकी काहीही चालतं. सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांनी थोडी पंप-पाइपांची भाषा शिकावी आणि अभियंत्यांनी थोडं जीवशास्त्र. दोघांनीही आकडेमोडीला घाबरू नये. कोणती ते आठव्या उत्तरात दिसेल.

डिप्लोमा किंवा आयटीआय झालेल्यांनी स्वतःला कमी लेखू नये. चालता प्लांट बंद पडू न देणारा ऑपरेटर मिळणं हे चांगला पीएच.डी.वाला मिळण्याहून अवघड आहे.

३. माझा विषय वनस्पतिशास्त्र (किंवा शेती, किंवा वैद्यक) आहे. माझा इथे काही उपयोग आहे का?

या क्षेत्रातली आपल्याकडची मोठी माणसं पाहिलीत तर हा प्रश्नच पडणार नाही.

डॉ. आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रज्ञ. पीएच.डी. जर्मनीतली. १९९६ साली पुण्यात त्यांनी ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली ‘आरती’, सुरू केली. ऊसतोडीनंतर शेतात जे पाचट पेटवून देतात त्याचा कोळसा आणि कांड्या करण्याच्या पद्धतीला २००२ साली लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. २००६ साली तोच पुरस्कार पुन्हा मिळाला, या वेळी घरगुती बायोगॅससाठी.

त्यांचं दुसरं काम मला जास्त आवडतं, कारण त्यात नवं यंत्र जवळपास काहीच नाही. प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्या कापून एकीत दुसरी उपडी घातली, एवढंच. नवा होता तो विचार. गोबरगॅस म्हटलं की टाकीत शेण घालायचं, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण शेण म्हणजे जनावरानं खाऊन, पचवून, त्यातलं सत्त्व काढून घेऊन उरलेलं. मिथेन करणारे जीव गुरांच्या पोटातच राहतात. मग गुरं खातात ते, म्हणजे पिष्ट, साखर, खरकटं, त्यांना थेट का देऊ नये? शेण हवं, पण विरजणापुरतं. दूध म्हणून विरजणच ओतत बसलो तर दही किती लागणार? कर्व्यांच्या मांडणीनुसार दोन किलो पिष्टमय किंवा साखरेच्या पदार्थापासून साधारण ५०० ग्रॅम मिथेन मिळतो आणि तोही दिवसभरात. तेवढ्यासाठी शेण घ्यायचं तर ४० किलो आणि ४० दिवस. ‘दिवसभरात’वर जाणकारांत वाद होऊ शकतो. वजनाचा हिशोब मात्र रसायनशास्त्रात बसतो: एक किलो पिष्ट पूर्ण पचलं तर जास्तीत जास्त तीनशे ग्रॅमच्या आसपास मिथेन निघतो.

आता इतर. डॉ. शरद काळे भाभा अणुसंशोधन केंद्रातले. त्यांच्या ‘निसर्गऋण’ प्रकल्पात कचरा आधी दळतात, मग गरम पाण्यात हवेसह अर्धवट पचवतात आणि त्यानंतर मिथेनच्या टाकीत सोडतात. त्यांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. डॉ. सुहास मापुसकर चक्क डॉक्टर, देहूच्या आरोग्य केंद्रात आलेले. गावातले रोग हटवायचे तर आधी संडास हवेत, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि तिथून ते संडासाला जोडलेल्या बायोगॅसपर्यंत पोचले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री दिली गेली. डॉ. अनिल राजवंशी फ्लोरिडातून पीएच.डी. करून १९८१ साली थेट फलटणला आले आणि निंबकर कृषी संशोधन संस्थेत राहून गोड ज्वारीपासून इथेनॉलसारखी कामं केली.

एकाचीही पदवी ‘कचऱ्या’ची नाही.

४. दिवस कसा जातो? सतत प्रयोगशाळेत बसावं लागतं का?

सुरुवातीची चार-पाच वर्षं बहुतेक हो. कचऱ्याचा नमुना आणायचा, १०५ अंशांवर सुकवायचा, मग ५५० अंशांवर जाळायचा. त्या भट्टीत जे उडून गेलं ते सूक्ष्मजीवांचं संभाव्य जेवण. जी राख उरली तिचा त्यांना उपयोग नाही. मग नमुना आणि सूक्ष्मजीव घातलेल्या बाटल्या कोमट पाण्यात लावायच्या आणि रोज गॅस मोजायचा. मिथेनक्षमतेची एक चाचणी पुरी व्हायला महिना तरी जातो. एकविसाव्या दिवशी वीज गेली, पाण्याचं तापमान ३७ अंशांवरून घसरलं की पुन्हा पहिल्यापासून. ज्यांना आज पेरून उद्या उगवलेलं बघायचंय त्यांनी दुसरं काही करावं.

पुढे पाय प्लांटकडे वळतात. तिथे सकाळी साडेसहाला घंटागाडीबरोबर दिवस सुरू होतो आणि गमबूट हाच गणवेश. मुकादमाशी गोड बोलता येणं ही इथे तांत्रिक पात्रता आहे. हे मी गमतीनं म्हणत नाही.

५. पीएच.डी. लागतेच का? आणि तोवर खायचं काय?

स्वतःचे प्रश्न ठरवून संशोधन करायचं असेल, संस्थेत शास्त्रज्ञ व्हायचं असेल तर लागते. प्लांटची रचना, उभारणी, देखभाल, सल्लागारी यांसाठी लागत नाही, तिथे एम.एस्सी. किंवा बी.ई. आणि हाताला लागलेली घाण पुरते.

नेट किंवा गेट या परीक्षांमधून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दरानं पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, त्यानंतर ४२,००० रुपये, वर घरभाडे भत्ता. ऐकायला बरं वाटतं. पण पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतीलच असं धरून कर्जाचा हप्ता बांधू नका. मी बांधला होता.

६. महाराष्ट्रात हे काम कुठे चालतं?

नागपूरला नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था), मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्र, आयआयटी आणि माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी), पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आघारकर संशोधन संस्था. राज्याबाहेर कपूरथळ्याची सरदार स्वर्णसिंह राष्ट्रीय जैवऊर्जा संस्था. खासगीत पुण्याची प्राज इंडस्ट्रीज: हरयाणातल्या पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा कारखाना आहे, ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेला, त्याचं तंत्रज्ञान प्राजचं.

संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शक बघा. त्यांचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत, हे त्या विद्यार्थ्यांनाच फोन करून विचारा. मार्गदर्शकांना विचारून ते कळत नाही.

७. घरचे म्हणतात, एवढं शिकून कचऱ्यातच हात घालायचा? (मुलींच्या पत्रांत : लग्नाचं काय?)

हा प्रश्न वासाचा आहे असं वरवर दिसतं. आत तो जातीचा आहे. कचरा कोणी उचलायचा हे आपल्याकडे जन्मावर ठरत आलं, म्हणून शिकलेल्या पोरीनं त्याला हात लावला की घरात कालवाकालव होते. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम आम्हालाही करू द्या म्हणून अन्न सोडलं, तेव्हा येरवड्यातून गांधीजीही त्यांच्या उपोषणात सामील झाले होते. याच अप्पासाहेबांनी पुढे कणकवलीजवळ गोपुरीला संडास आणि गोबरगॅसचे प्रयोग केले. म्हणजे आपल्या विषयाची मराठी पाळंमुळं प्रयोगशाळेत कमी आणि या भांडणात जास्त आहेत.

आणि एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. हातमोजे घालून त्याच ढिगात मी उभी राहिले की ‘शास्त्रज्ञ’, आणि शेजारी उभी राहून माझ्या दसपट वेगानं ओला-सुका निवडणारी बाई ‘कचरेवाली’. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीनं १९९३ पासून या बायांना संघटित केलं, त्यातून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. कोणत्या सोसायटीचा कचरा चांगला आणि कोणत्या हॉटेलचा दगा देणारा, हे मी पुस्तकांत वाचलेलं नाही, त्यांच्याकडून शिकले.

लग्नाचं म्हणाल तर माझं झालं. अंगाला वास येतो ही तक्रार पहिली दोन वर्षं होती.

८. घरी बायोगॅस बसवला तर सिलिंडर बंद होईल ना?

नाही. हिशोब करू. एक किलो ओल्या कचऱ्यातून साधारण ०.१ घनमीटर बायोगॅस निघतो. एक घनमीटर बायोगॅस म्हणजे ढोबळमानानं ४५० ग्रॅम एलपीजी. म्हणून तुमच्या घरचा रोजचा एक किलो कचरा म्हणजे रोज ४५ ग्रॅम एलपीजी. १४.२ किलोचा सिलिंडर भरायला ३१५ दिवस लागतील. सकाळचा चहा निघेल, पुरणपोळ्या नाहीत.

मग कर्व्यांचे दोन किलो (प्रश्न ३)? ते कोरडं पिष्ट. तुमच्या किलोभर खरकट्यात आणि भाज्यांच्या देठांत पाऊण किलोच्या वर पाणीच असतं. हाच कचरा वसतिगृहाचा, मंगल कार्यालयाचा किंवा दीडशे घरांच्या सोसायटीचा असेल तर गणित एकदम बदलतं.

९. आमच्याकडे प्लांट आहे, गॅस येतो पण पेटत नाही. काय करू?

हे पान करिअरबद्दल आहे, तरी दर आठवड्याला हे पत्र येतंच. टाकी नवी असेल तर पहिल्या दिवसांतला वायू बहुतांशी कार्बन डायऑक्साइड असतो. तो सोडून द्या आणि धीर धरा. जुनी असेल तर बहुधा तुम्ही तिला जास्त खाऊ घातलंत. कचऱ्याचं आम्ल करणारे जीव भराभर वाढतात, आम्लाचं मिथेन करणारे संथ असतात. पहिल्यांचा जोर झाला की टाकी आंबते आणि सामू (पीएच) साडेसहाच्या खाली उतरतो. खाणं बंद करा, थोडं ताजं शेण घाला, सामू सातच्या आसपास आला की निम्म्यापासून पुन्हा सुरू करा. लिंबा-संत्र्यांच्या साली टाकीत घालू नका. त्यांतलं तेल या जीवांना सोसत नाही.

(परीक्षेपुरतं: मिथेन करणारे हे जीव जिवाणू नव्हेत, आर्किया. हा वेगळा गट १९७७ साली कार्ल वूझ आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवून दिला. मराठीत आपण सगळ्यांनाच जिवाणू म्हणतो.)

१०. कचरा जाळून वीज करतात, ती स्वच्छ ऊर्जा का?

आधी ती ऊर्जा आहे का ते पाहू. दिल्लीत तिमारपूरला १९८७ साली डेन्मार्कच्या तंत्रज्ञानानं रोज ३०० टन कचरा जाळून वीज करायचा प्रकल्प उभा राहिला. अवघे काही दिवस चालला. यंत्रं नादुरुस्त नव्हती. कचरा त्या यंत्रांना हवा तसा नव्हता. आपला कचरा ओला, मातीनं भरलेला. तो जाळण्याआधी त्यातलं पाणी उडवायलाच उष्णता खर्ची पडते.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी निदान रेघ आखली: पुनर्वापर न होणारा आणि किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्मांक असलेला कचरा डेपोत पुरायचा नाही, ऊर्जेसाठी वापरायचा. अशा सुक्या कचऱ्याला धूर गाळणारी चांगली यंत्रणा लावून जाळणं मला मान्य आहे. ओला-सुका एकत्र जाळून त्याला ‘हरित’ म्हणणं मान्य नाही. माझे काही मित्र यावर माझ्याशी कडाडून भांडतात.

११. एवढं विज्ञान आहे, तर इतके प्रकल्प बंद का पडतात?

हा प्रश्न विद्यार्थी कमी आणि नगरसेवक जास्त विचारतात.

एका शहरातल्या पाच टनांच्या प्लांटवर मी काही महिने होते. कागदावर रोज पाच टन वर्गीकृत ओला कचरा येणार होता. प्रत्यक्षात गाडीतून काय उतरायचं? नारळाच्या शेंड्या, उशीचे अभ्रे, काचेच्या बांगड्या, टूथब्रश. गणपतीनंतर निर्माल्य, तेही दोऱ्यासकट आणि पिशवीसकट. दळणयंत्राचं पातं आठवड्यातून दोनदा बदलावं लागे. जवळची पाती संपली की नव्यांसाठी निविदा, निविदेला महिना. त्या महिन्यात टाकी उपाशी. मग पातं आलं की साहेब म्हणणार, मागचं भरून काढा, दुप्पट टाका. टाकी आंबली (प्रश्न ९). शेवटी जो थोडा गॅस होई त्याचं करायचं काय हेच ठरलेलं नव्हतं, म्हणून तो जाळून टाकत. सूक्ष्मजीवांनी त्यांचं काम शेवटपर्यंत इमानानं केलं.

मी तरुण असते तर आज सूक्ष्मजीवांच्या नव्या जाती शोधण्याऐवजी गाडी उतरते त्या जागेचा अभ्यास केला असता. काय येतं, कधी येतं, कोण निवडतं, त्याला किती पैसे मिळतात. इंदूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये रोज ५५० टनांचा बायो-सीएनजी (वाहनांत चालणारा शुद्ध बायोगॅस) प्रकल्प सुरू झाला. त्याची चर्चा टाक्यांवर होते, पण त्याच्या कित्येक वर्षं आधीपासून त्या शहरानं घराघरांत कचरा वेगळा करायला लावला होता, ती खरी पहिली टाकी.

१२. मिथेन तर हवामानाला घातक म्हणतात. मग तो मुद्दाम कशाला तयार करायचा?

तो डेपोत तसाही तयार होतोच. शंभर वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. मुंबईच्या देवनारसारखे कचऱ्याचे डोंगर धुमसतात त्यामागे हाच वायू आहे. टाकीत तो कोंडून जाळला तर फायदा. पण प्लांट गळका असेल तर तुम्ही घातक वायूचा कारखाना काढलात, असंच म्हणावं लागेल. गळती मोजणं हा आपल्याकडे अजून मोकळा असलेला संशोधनविषय आहे.

१३. कामात धोका आहे का?

आहे. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड. वास येतोय तोवर निदान कळतं. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वाटतं, गेला वायू. रिकाम्या टाकीत वायुमापक, हवा खेळवायची सोय आणि बाहेर दोर धरून उभा माणूस असल्याशिवाय कोणीही उतरायचं नाही. आत कोणी कोसळला तर वाचवायला मागोमाग उडी मारायची नाही. मार्गदर्शक उतर म्हणाले तरी नाही म्हणा.

१४. मी बेचाळीस वर्षांचा, साखर कारखान्यात डिस्टिलरी केमिस्ट. आता उशीर झाला का?

तुम्ही आधीच या क्षेत्रात आहात. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशपासून, म्हणजे मद्यार्क काढल्यावर उरणाऱ्या सांडपाण्यापासून, बायोगॅस कारखाने कधीपासून करत आले आहेत. आता प्रेसमडपासून (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून) केलेला, शुद्ध करून किमान ९० टक्के मिथेन असलेला गॅस विकण्याकडे ओढा आहे. असा गॅस तेल कंपन्यांनी विकत घ्यावा यासाठीची केंद्राची ‘सतत’ योजना ऑक्टोबर २०१८ ची. त्यानंतर शहरी गॅसमध्ये (सीएनजी आणि घरगुती पाइप गॅस) असा गॅस मिसळण्याची सक्ती २०२५-२६ पासून एक टक्क्यानं सुरू होऊन २०२८-२९ पर्यंत पाच टक्क्यांवर न्यायचं ठरलं. प्रेसमड हंगामात येतो, टाकीला बारा महिने खायला लागतं, साठवला तर त्याचा दम जातो. या एका अडचणीवर तुमच्याइतका विचार कुठल्या पीएच.डी.वाल्यानं केला असेल?

१५. परदेशात जावं का?

शिकायला जरूर. जर्मनीत हजारो बायोगॅस प्लांट आहेत, तिथली मोजमापाची शिस्त शिकण्यासारखी आहे. फक्त तिथल्या पुष्कळ टाक्या मका आणि शेणखतावर चालतात, एकसारख्या खाद्यावर. दिवाळीनंतरच्या मंगळवारी चिवडा, झेंडूची फुलं आणि भाताचं पातेलं एकदम आल्यावर काय करायचं, ते इथेच शिकावं लागेल.

१६. मी कचऱ्यापासून जितकी ऊर्जा लागते त्याहून जास्त देणारं यंत्र शोधलंय. पेटंट घेऊ का?

आधी यंत्रात शिरणारी सगळी ऊर्जा लिहून काढा: मोटार, हीटर, वाहतूक, दळण. कचऱ्यातली ऊर्जाही त्यात धरा. मग बाहेर पडणारी लिहा. बेरीज आतल्यापेक्षा जास्त आली तर वजनकाटा तपासा. प्लॅस्टिकपासून पेट्रोलचंही तेच: तेल निघतं, यात शंका नाही, किती तापवून, कोणतं प्लॅस्टिक घालून आणि उरलेल्या काजळीचं काय करून, हे सांगितलंत तर पुढे बोलू. पीव्हीसी घातलं असेल तर आधी चिमणीपासून लांब उभे राहा.

१७. लोकांनी अन्न वाया घालवणं बंद केलं तर तुमची नोकरी जाईल का?

केळीची सालं, कणसांची बुरखुंडं आणि वाटाण्याची टरफलं कोणी खाणार नाही. तेवढी पुरेत.

१८. तुमचा प्लांट बघायला येऊ का?

या. पावसाळा सोडून, शनिवारी, सकाळी सातच्या आत, बंद बूट घालून. वीसपेक्षा जास्त मुलं एका वेळी नकोत. डबा आणलात तर उरलेलं परत न्यायची गरज नाही. लिंबाच्या फोडी मात्र परत न्या.